जुन्या सायकलीस नवा रंग द्यावा काय?

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण सारेच उठता-बसता वापरतो. परंतु घरात खरोखरीच एखादी जुनी वस्तू निघाली, म्हणजे तिचे काय करावे ह्याविषयी आपला निश्चय डळमळू लागतो. कोणी म्हणतो, भंगारवाल्यास देऊन टाका. कोणी म्हणतो, घासूनपुसून, रंग देऊन अगदी नवी करून घ्या. पहिल्या मताच्या मनुष्याचे त्या वस्तूवर प्रेम नाही, हे उघडच आहे. परंतु दुसऱ्या मताचा मनुष्य प्रेमापोटी जे करतो, त्यानेही ती वस्तू कधी कधी नाहीशी होते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ह्या दुसऱ्या प्रकाराविषयी, आणि तेही एकाच वस्तूच्या संबंधाने, म्हणजे वडिलांच्या अथवा आजोबांच्या पोलादी सायकलीच्या संबंधाने, येथे चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

आज ताथवडे म्हटले म्हणजे उंच उंच इमारती, महाविद्यालये आणि मुंबई-बंगळूर महामार्गावरची अखंड रहदारी डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु २००९ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट होईपर्यंत हे मुळशी तालुक्यातील एक गाव होते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली; पुढे १९६० नंतरच्या दशकात आकुर्डीस बजाज ऑटोचा व पिंपरीस टेल्कोचा कारखाना उभा राहिला. पवनेच्या दोन्ही तीरांवरील गावांतून पाळीवर जाणारी माणसे त्या काळी मोटारीतून जात नसत. काळ्या रंगाची, भक्कम बांध्याची, अठ्ठावीस इंची चाकांची सायकल हेच त्यांचे वाहन. हँडलला डबा, कॅरिअरला कापडी पिशवी, आणि रात्रपाळी असल्यास पुढे डायनमोचा दिवा. ताथवड्याहून पिंपरीस पोहोचावयास तासाभराहून कमी वेळ लागे. ह्या परिसरातील कित्येक घरांचा पाया, कित्येक मुलांचे शिक्षण आणि कित्येक लेकींची लग्ने ह्याच दोन चाकांवर पार पडली असे म्हटले, तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. म्हणून माळ्यावर अथवा गोठ्याच्या भिंतीशी गंजत पडलेली सायकल म्हणजे केवळ अडगळ नव्हे. ती घरच्या कष्टांची साक्षीदार होय, आणि साक्षीदारास तोंड रंगवून उभे करू नये असे आमचे मत आहे.

हे मत एका प्रत्यक्ष प्रसंगाने अधिक दृढ झाले. वरच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने गतवर्षी आमच्याकडे येऊन विचारले की, आजोबांची सायकल दुरुस्त करावयाची आहे. आजोबांच्या पंचाहत्तरीस ती त्यांना द्यावयाची आहे. तरी तिला लाल रंग शोभेल की निळा? सायकल होती आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातील. पुढच्या नळीवरील बिल्ल्यावर बगळ्याचे मुंडके. ब्रेक लोखंडी दांड्यांचे. रंग काळा, पण धुळीने व ओंगणाने करडा झालेला. मुलाच्या वडिलांचा आग्रह असा की, भोसरीस पावडर कोटिंग करून घ्यावे, म्हणजे सायकल आरशासारखी चकाकेल. मुलाने आजोबांनाही विचारले होते. ते एवढेच म्हणाले, “बाळ, आधी ब्रेक बघ.”

आम्ही सायकल पाहावयास गेलो. वरच्या आडव्या नळीवर मध्यभागी वीतभर जागेतला रंग पार झिजून तेथे पोलाद दिसत होते आणि त्या जागेच्या दोन्ही बाजूंस कशाचे तरी दाबल्याचे वण होते. तेथे एके काळी लहान मुलाची गादी बांधलेली असे. त्या गादीवर बसून शाळेत जाणारे मूल म्हणजेच आता पावडर कोटिंगचा आग्रह धरणारे वडील! त्यांनी त्या जागेवर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. जी खूण पुसावयास ते निघाले होते, ती त्यांची स्वतःचीच होती.

आता कोणी म्हणेल, ही केवळ भावनेची गोष्ट झाली. तर भावना क्षणभर बाजूस ठेवून कारागिरीकडे पाहू. त्या काळच्या चांगल्या सायकलींचा काळा रंग म्हणजे भट्टीत भाजून पक्का केलेला इनॅमल असे. त्यावर सोनेरी अथवा लाल रेघा ओढीत, आणि पुष्कळ कारखान्यांत त्या लांब केसांच्या बारीक कुंचल्याने, पट्टी न लावता, हातानेच ओढीत. नळ्या एकमेकींस जोडताना पोलादी कोपरे बसवून त्यांत पितळेचा डाख भरीत. त्या कोपऱ्यांच्या कडा कानशीने घासून रेखीव केलेल्या असत. सीटखालच्या जोडावर पुष्कळदा अनुक्रमांक ठोकलेला असे. सेन-रॅलेचा कारखाना पुढे बंद पडला. वरळीचा हिंद सायकलचा कारखानाही आज नाही. उत्तर हिंदुस्थानात घरोघर पोहोचलेल्या अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे जागतिक सायकल दिनीच, बंद झाला. ज्या कारखान्याची भट्टी विझली, त्याचा रंग एकदा खरवडला की तो पुन्हा मिळावयाचा नाही. बाजारात मिळेल तो त्याच्यासारखा दिसणारा रंग, तो नव्हे.

हा वाद नवा नाही. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात इंग्लंडमध्ये जुनी देवळे ‘नवी’ करण्याची मोठी लाट आली होती. भिंतींवरचा शेकडो वर्षांचा गिलावा खरवडून, मागाहूनची भर काढून टाकून, मूळचे देवळ असे असावे असा तर्क करून ती सजविली जात. विल्यम मॉरिस नामक कवी व कारागीर ह्या प्रकाराने इतका व्यथित झाला की, त्याने १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक मंडळ स्थापन केले. ते मंडळ ‘खरवड-विरोधी’ ह्या नावानेही ओळखले जाऊ लागले. पुढे १९६४ साली व्हेनिस येथे तज्ज्ञांनी जी सनद तयार केली, तिच्यातही जेथे तर्कास आरंभ होतो तेथे जीर्णोद्धाराने थांबावे, असे तत्त्व सांगितले आहे. देवळास जो न्याय, तोच सायकलीस लावावा हे कोणास हास्यास्पद वाटेल. परंतु देऊळ गावाचे असते आणि सायकल घराची असते, एवढाच काय तो भेद.

तथापि दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही न्यायाने ऐकले पाहिजे. ते म्हणतात, “रंग म्हणजे शोभा नव्हे, ते पोलादाचे चिलखत आहे. रंग नसेल तर मावळाकडून येणारा पाऊस चार वर्षांत सायकल खाऊन टाकील.” हे म्हणणे सर्वस्वी खरे आहे. लोखंड, हवेतील प्राणवायू आणि पाणी एकत्र आली की गंज धरतो. आणि मूळच्या लोखंडापेक्षा गंजाला अधिक जागा लागत असल्यामुळे तो आतून फुगून रंगाचे पापुद्रे उडवितो. परंतु ह्याच कारणाने गंजावर रंग फासणे व्यर्थ ठरते. वरून तुकतुकी आणि आतून कुजणे चालूच. म्हणून रंग द्यावा की न द्यावा हा प्रश्न सरसकट सोडवू नये. अवस्था पाहून सोडवावा.

अवस्था तीन प्रकारच्या असतात. पहिली, रंग मळला आहे पण शाबूत आहे. अशा सायकलीस मऊ फडके, कोमट पाणी, थोडा साबण आणि शेवटी मेणाचा हात एवढेच पुरे. दुसरी, काही ठिकाणी रंग उडून वरवरचा गंज आला आहे. तेथे तेवढ्याच जागेचा गंज काढावा, गंजविरोधी अस्तर द्यावे, आणि वर मिळताजुळता रंग बारीक कुंचल्याने लावावा. ठिगळ दिसले तरी चालेल, ठिगळ प्रामाणिक असते. ज्या खुणा राखावयाच्या आहेत त्या उघड्या पोलादावर मात्र मेणाचा अथवा पारदर्शक वॉर्निशचा हात अवश्य द्यावा. तिसरी अवस्था म्हणजे पूर्वीच कोणी तरी तिच्यावर भिंतीचा रंग फासला आहे, अथवा गंज खोल उतरून पोलादास खड्डे पडले आहेत. अशा सायकलीस सगळा रंग नव्याने देण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तो द्यावा. आमचा विरोध रंगास नाही. विचार न करता केलेल्या खरवडीस आहे.

पावडर कोटिंगविषयी एक शब्द सांगितला पाहिजे, कारण भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात हे काम करणारे लहान कारखाने पुष्कळ आहेत आणि मोह जवळच असतो. विद्युत्-भारित भुकटी फवारून ती सुमारे १८० ते २०० अंश उष्णतेत भाजावयाची, अशी ही कृती आहे. ती टिकाऊ आहे ह्यात संशय नाही. आणि तिच्या उष्णतेने पितळी डाख सुटेल ही भीतीही निराधार आहे, कारण पितळ वितळण्यास ह्याच्या कितीतरी पट उष्णता लागते. परंतु हा थर जाड बसतो. कोपऱ्यांच्या रेखीव कडा बोथट होतात आणि ठोकलेला क्रमांक भरून जातो. त्यापूर्वी जुना रंग वाळूच्या माऱ्याने उडवितात तेव्हा रेघा, छाप, सारेच जाते. एका परिचितांची सायकल अशाच एका कारखान्यातून परत आली तेव्हा पुढचा बिल्लाही हरवलेला होता, विचारता उत्तर मिळाले की, “तो जुना झाला होता.” दुसरी सावधगिरी ह्याहून महत्त्वाची आहे. जुन्या रंगांत शिशाचा अंश असण्याचा संभव असतो. तो कोरडा घासल्यास विषारी धूळ उडते आणि ती लहान मुलांस विशेष बाधक होते. म्हणून घासावयाचेच झाल्यास ओल्या कागदाने, नाकाला मुखपट्टी लावून, घराबाहेर आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली घासावे.

आता मुख्य मुद्दा. सायकलीचा जीर्णोद्धार रंगापासून नव्हे, चालीपासून आरंभावा. त्या आजोबांनी एका वाक्यात सांगितले ते हेच. विद्यार्थ्यांच्या उपयोगास पडावा म्हणून कामाचा क्रम येथे देतो.

प्रथम सायकल आहे तशी चारी बाजूंनी छायाचित्रांत टिपून घ्यावी, आणि प्रत्येक भाग काढताना तो कोठे, कोणत्या क्रमाने होता हे वहीत लिहावे. गंजलेल्या नट-बोल्टांवर तेल सोडून एक रात्र तसेच ठेवावे. बळापेक्षा तेल व धीर ही अधिक काम करतात. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात हे विसरू नये. ते न जाणणारा उत्साही मुलगा जोर लावून क्रँकच बिघडवितो. कॉटर ठोकून काढताना क्रँकखाली भक्कम आधार द्यावा, नाही तर हातोडीचा सारा मार आतल्या छऱ्यांवर बसतो. मग हब उघडावेत. मागच्या हबात बहुधा पाव इंची आणि पुढच्यात ३/१६ इंची छर्रे असतात. ते मोजून काढावेत, रॉकेलमध्ये धुवावेत, खरबरीत झाले असल्यास सगळेच बदलावेत. नवे-जुने मिसळू नयेत. कप व कोन गुळगुळीत असतील तर नवे वंगण भरून, चाक सैल हलणार नाही आणि अडखळणारही नाही अशा बेताने आवळावेत. हा बेत हातालाच कळतो, आणि तो हाताला कळणे ह्यातच अर्धे शिक्षण आहे.

चेनची परीक्षा सोपी आहे. पट्टी घेऊन चोवीस कड्या मोजाव्यात. त्या बरोबर बारा इंच भरल्या पाहिजेत. १/८ इंच वाढ झाली असेल तर चेन बदलावी, कारण झिजलेली चेन दाते खाते. चाकाचा आउट काढण्याचे काम मात्र गावातल्या जुन्या मिस्त्रीकडून करून घ्यावे, आणि ते करीत असता मुलाने शेजारी बसून पाहावे. स्पोकवर बोट मारून आवाजावरून ताण ओळखणारे मिस्त्री अजून आहेत. ते गेल्यावर ही विद्या कोणास विचारावयाची? टायर व ट्यूब नवी घ्यावीत. ह्या सायकलींस २८ × १½ मापाचे टायर लागतात. शेवटी ब्रेक. दांड्यांच्या ब्रेकांत रबर कडक झाले असेल तर ते पोलादी रिमवर नुसते घसरते, आणि पावसात तर अशा रिमवर नवे रबरही उशिराच धरते. तेव्हा ब्रेकची रबरे बदलल्याशिवाय आणि दांड्यांचे सांधे मोकळे केल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढू नये.

एवढे झाल्यावर मग रंगाचा विचार करावा. त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत असे झाले की, चाल दुरुस्त करून सायकल पुसावयास घेतली, तो काजळीखालून सोनेरी रेघ निघाली. अखेरीस कुंचला लागला तो चेनकव्हरला आणि मडगार्डच्या खालच्या टोकाला. तेवढेच गंजले होते. खर्च झाला तो टायर, चेन, छर्रे आणि रबरे ह्यांचा. लाल की निळा हा प्रश्न पुन्हा निघालाच नाही.

पुण्याच्या कर्वेनगर भागात श्री. विक्रम पेंडसे ह्यांनी आपल्या खासगी संग्रहातून सायकलींचे जे संग्रहालय २०१७ साली लोकांस खुले केले, ते ह्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी जुन्या सायकली, दिवे, घंट्या, पंप आणि सुटे भाग जमविले. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी बनविलेली, मध्यभागी दुमडणारी बी. एस. ए. सायकलही त्या संग्रहात आहे. भंगारात जावयाच्या वस्तूस एक मनुष्य आपल्या चिकाटीने किती आयुष्य देऊ शकतो, ह्याचे हे आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण होय. परंतु प्रत्येक घरास संग्रहालय होता येणार नाही, आणि होण्याची गरजही नाही. घरच्या सायकलीची जागा भिंतीवरच्या खिळ्यावर नसून रस्त्यावर आहे. इटलीतील गायोले ह्या गावी १९९७ पासून एक सायकलयात्रा भरू लागली. तीत १९८७ पूर्वीच्या धाटणीच्या जुन्या पोलादी सायकलींवर बसून लोक कच्च्या पांढऱ्या रस्त्यांनी दिवसभर फिरतात. जुन्या यंत्राचा मान ते चालविण्यात आहे, हे त्या लोकांनी ओळखले. आपल्याकडे त्याहून मोठा दाखला आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून काही पारशी तरुण पोलादी सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर प्रवास पुरा करून मार्च १९२८ मध्ये परतले. वाळवंटात व अरण्यात त्यांच्या सायकलींचा रंग कसा दिसत होता, हे कोणी विचारीत नाही. त्या चालत राहिल्या, एवढेच जग लक्षात ठेवते.

एक आक्षेप राहिला. पालक म्हणतील, “ताथवडे-वाकडच्या रहदारीत मुलास अशी जड सायकल द्यावयाची कशी? ह्या पैशात गिअरची नवी येईल.” रहदारीची भीती खरी आहे, महामार्गाच्या सेवारस्त्यावर कोणी मुलास एकट्याने पाठवावे असे आम्ही सांगणार नाही. परंतु सोसायटीच्या आवारात, पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर, रविवारी वडिलांच्या सोबतीने ती चालविता येतेच. आणि नवी सायकल घेण्यास आमची हरकत नाही. नवी सायकल मुलास विकत मिळते. ही सायकल त्याला मिळवावी लागते. छर्रे धुताना, चेन मोजताना, आजोबांना “हा वण कशाचा?” असे विचारताना जे मिळते, ते दुकानात ठेवलेले नसते. आजोबांनाही, कित्येक वर्षांत कोणी न विचारलेले कोणी तरी विचारते.

तेव्हा, विद्यार्थिमित्रहो, दिवाळीच्या सुट्टीत माळ्यावर चढा. सायकल सापडली तर प्रथम ती ज्यांची होती त्यांच्यापाशी बसा आणि तिची हकीकत लिहून घ्या. त्यानंतरच पाना हाती धरा. आणि पालकांस विनंती ही की, मुलांचे हात तेलाने काळे होतील ते होऊ द्यावेत, कपडे मळतील ते मळू द्यावेत. पुढच्या दसऱ्यास मोटारीबरोबर त्या सायकलीलाही झेंडूची माळ घालावी. तिच्या अंगावर चार ओरखडे दिसले म्हणून कोणी नाक मुरडले, तर ते ओरखडे कसे पडले हे सांगणारे एक मूल तरी घरात तयार असावे, म्हणजे झाले.